टायर फुटल्याची बातमी दोन दिवसांत संपते कशी?

माननीय संपादक, स.न.वि.वि.

विमानाचा टायर फुटला, चाक निघालं, चाकं उघडलीच नाहीत, असलं काही झालं की तुमच्या पेपरात (बाकीच्यांतही, एकट्या तुम्हाला बोलत नाही) दोन दिवस नुसता धुरळा असतो, प्रवाशांचा थरार काय, पायलटचं प्रसंगावधान काय, काळ आला होता पण वेळ आली नव्हती वगैरे, आणि तिसऱ्या दिवशी बातमी गायब. सप्टेंबर २०२५ मधे कांडल्याहून मुंबईला येणाऱ्या क्यू ४०० जातीच्या छोट्या विमानाचं एक चाक टेकऑफलाच निघून मागे धावपट्टीवर राहिलं, विमान मुंबईत नीट उतरलं, सगळे सुखरूप. चांगलंच झालं. पण ते चाक शेवटचं कधी बसवलं होतं, कोणी तपासलं, बेअरिंग कधी बघितलं, हे विचारायला कोणी गेलेलं मला तरी दिसलं नाही.

मी एसटीच्या वर्कशॉपमधे टायर सेक्शनला आयुष्य घातलेला माणूस. विमान कसं उडतं ते मला विचारू नका, पण टायर कळतो, आणि रिटायर झाल्यापासून हे अपघातांचे रिपोर्ट वाचायचा नाद लागलाय (घरचे म्हणतात दुसरं काही नाही का वाचायला). त्यातला एक तर मला पाठ झालाय म्हणा ना.

११ जुलै १९९१, सौदीतलं जेद्दा. हज करून परत निघालेले नायजेरियाचे यात्रेकरू, विमान डीसी ८, नाव नायजेरिया एअरवेजचं पण विमान आणि क्रू कॅनडाच्या नेशनएअर कंपनीचे भाड्याने घेतलेले. त्या विमानाच्या टायरमधे हवा कमी आहे हे मेकॅनिकला आधीच माहीत होतं, नायट्रोजन भरायचा होता पण तो तिथे लगेच मिळेना, आणि विमानाला आधीच उशीर झालेला म्हणून कंपनीचा जो मॅनेजर तिथे होता त्याने सांगितलं की आता थांबायचं नाही, जाऊ द्या. वर प्रेशरच्या नोंदींमधे खाडाखोड झालेली, ते नंतर चौकशीत निघालं. झालं काय की कमी हवेच्या टायरचा भार शेजारच्यावर गेला, विमान टॅक्सी करत (म्हणजे उडायच्या आधी जमिनीवरून चालत) लांबवर गेलं तेवढ्यात टायर तापले, धावायला लागल्यावर आधी एक फुटला मग त्याचा जोडीदार, त्यातलं एक चाक फिरायचंच थांबलं आणि धावपट्टीवर घासत गेलं, त्याने पेट घेतला. पायलटना काहीतरी खटकलं होतं, टायर बसला की काय अशी शंकाही बोलून दाखवली होती, पण टेकऑफ चालूच. आणि मग हवेत गेल्यावर नेहमीप्रमाणे चाकं आत घेतली, म्हणजे जळतं रबर विमानाच्या पोटात घेतलं! चाकांच्या खोलीत आग कळायची सोय त्या विमानात नव्हती त्यामुळे पायलटना एकामागून एक भलत्याच बिघाडांचे इशारे येत राहिले, ते मागे वळले, धावपट्टी तीन किलोमीटरच्या आत राहिली होती तेव्हा विमान पडलं. २६१ माणसं, एकही वाचलं नाही.

आता कोणी म्हणेल हवा कमी आहे तर वरून दिसत नाही का? नाही दिसत. एसटीच्या मागच्या जोडचाकात आतला टायर बसला तरी बाहेरचा भार उचलून धरतो आणि गाडी सरळ उभी दिसते, म्हणून तर जुने ड्रायव्हर टायर ठोकून बघायचे. विमानाला तर गेज लावल्याशिवाय गत्यंतरच नाही, रोज, आणि तेही टायर थंड असताना. आमच्या बसला शंभरच्या वर पौंड हवा, बोइंग ७३७ च्या मागच्या चाकांना दोनशेच्या आसपास, त्यात थोडी कमी असली तर डोळ्याला काय कळणार.

नायट्रोजनचं पण असंच. पंपावर गाडीत भरतात ती हौस झाली, विमानात ती सक्तीची गोष्ट आहे आणि तिच्यामागे मेक्सिकोचे १६७ मृत्यू आहेत. ३१ मार्च १९८६, मेक्सिकानाचं बोइंग ७२७, एका चाकाचा ब्रेक टेकऑफच्या वेळी प्रचंड तापला होता आणि त्या टायरमधे नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली, विमान वर चढत असताना टायरचा आतमधेच स्फोट झाला, इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या (तेलाच्या दाबावर विमानाचे भाग हलवणाऱ्या) लाइनी तुटल्या, आग लागली, विमान डोंगरात गेलं. त्यानंतर अमेरिकेने ब्रेकच्या चाकांसाठी नायट्रोजनचा नियमच केला. तशी चाकात फ्यूज प्लगची युक्ती पण असते, ब्रेक फार तापले की प्लग वितळतो आणि टायर फुटायच्या ऐवजी गुपचूप बसतो. उतरल्यावर थोड्या वेळाने टायर बसलेला दिसला तर लगेच निष्काळजीपणा म्हणून छापू नका, कधीकधी ती सोय बरोबर चालली असा त्याचा अर्थ असतो.

चमत्काराचं सांगायचं तर पोलंडचं २०११ चं. १ नोव्हेंबरला न्यूअर्कहून वॉर्सॉला आलेलं बोइंग ७६७, चाकं बाहेर येईनात, कॅप्टन तादेउश व्रोना यांनी विमान पोटावर उतरवलं, २३१ माणसं, कोणाला खरचटलं नाही. काय उतरवलंय, व्हिडिओ बघा, मानलं त्या माणसाला. पण रिपोर्ट काय म्हणतो? न्यूअर्क सोडल्यावर थोड्याच वेळात एक हायड्रॉलिक सिस्टीम गळून गेली होती, तरी इलेक्ट्रिक मोटरवर चाकं सोडायची दुसरी सोय शाबूत होती, फक्त तिचा सर्किट ब्रेकर (फ्यूजसारखं वीज तोडणारं बटण) उडालेला होता आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. म्हणजे एक बटण आत दाबलं असतं तर चाकं आली असती! ही दुसरी ओळ आपल्याकडे किती जणांनी वाचली असेल.

आणि जिथे मागे लागून कारण शोधलं तिथे फरक पडलेला पण दिसतो. २००७ मधे स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सची तीन क्यू ४०० विमानं दोन महिन्यांच्या आत चाकाच्या भानगडीने कोसळत उतरली, आल्बोर्ग, विल्नियस आणि मग कोपनहेगन. पहिल्यात गंजलेले आटे सापडले, तिसऱ्यात एका रबरी रिंगने हायड्रॉलिक तेलाची वाट अडवलेली, म्हणजे कारणं सारखी पण नाहीत. कंपनीने त्या जातीची विमानंच वापरायची बंद केली. बरोबर केलं की घाईने केलं यावर वाद घाला, पण तिथल्या प्रवाशाला गंजलेल्या आट्यापर्यंतची माहिती तरी मिळाली.

आपल्याकडे मे २०२१ मधे नागपूरहून निघालेल्या एअर ॲम्ब्युलन्सचं चाक टेकऑफला निखळलं, मुंबईत फोम टाकून पोटावर उतरवलं, पेशंटसकट पाचही जण वाचले. फोमचे फोटो सगळ्यांनी छापले. पुढचं काय?

विमान अपघात तपास ब्युरो आपले रिपोर्ट वेबसाइटवर टाकतो, इंग्रजीत आणि किचकट, सामान्य माणूस उघडणार नाही. माझी विनंती एवढीच की महाराष्ट्रातल्या किंवा महाराष्ट्रात येणाऱ्या विमानाचं असं काही झालं की तारीख कुठेतरी लिहून ठेवा, रिपोर्ट आला की आतल्या पानावर का होईना चार ओळी मराठीत द्या, कुठला पार्ट, कोणाचं चुकलं, आता काय बदललं. आणि ‘टायर बदलायला दोन तास उशीर, प्रवासी संतप्त’ ही बातमी देताना त्या प्रवाशांबरोबर टायर बदलणाऱ्या इंजिनिअरला पण दोन प्रश्न विचारा की. व्हिडिओ काढून ग्राउंड स्टाफवर ओरडणाऱ्यांना तेवढंच कळेल की जेद्दाला त्या मॅनेजरने नेमका हाच वेळ वाचवला होता.

जाता जाता, कांडल्याच्या बातमीबरोबर एका पेपरात जो फोटो होता तो चार इंजिनांच्या जम्बोचा होता. क्यू ४०० ला दोनच इंजिनं असतात आणि ती पंख्याची. एवढं तरी बघत जा.

आपला,
एक जुना वाचक, सातारा