तुझी यादी वाचली, आता माझी ऐक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

निन्टेंडोच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या मालिकेतल्या गेमची, आवडीनुसार क्रम लावलेली तुझी यादी मिळाली. एकदा वाचली, बाजूला ठेवली, मग राहवेना म्हणून पुन्हा काढून वाचली. वरच्या दोन-तीन नावांबद्दल मी गप्प बसलो असतो. पण मजोराज मास्कला तू पार नवव्या क्रमांकावर ढकललंस आणि लिंक्स अवेकनिंगला तर यादीत जागाच दिली नाहीस. इतकी वर्षं आपण एकाच कंट्रोलरवर आळीपाळीने झेल्डा खेळलो, त्या नात्याने हे पत्र लिहिणं मला भाग आहे.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मनात घर करून बसलंय: "ऑकारिना पहिला, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही." वाद मलाही घालायचा नाही. 1998 साली ऑकारिना ऑफ टाइमने जे केलं त्याला तोड नाही. त्रिमितीत तलवार चालवायची म्हणजे कॅमेरा एकीकडे, शत्रू दुसरीकडे आणि आपण हवेत वार करतोय अशी तेव्हा तऱ्हा असायची. झेड बटण दाबून शत्रूवर नजर रोखून धरायची सोय ऑकारिनाने दिली आणि लढाईला शिस्त आली. आज तलवारीचा कुठलाही गेम घे, नजर रोखायचं ते बटण असतंच. शिवाय कोकिरीच्या जंगलातून पहिल्यांदा बाहेर पडल्यावर दिसलेलं ते माळरान! धावत धावत किल्ल्यापाशी पोहोचलो, तोवर सूर्य बुडाला, डोळ्यांदेखत पूल वर उचलला गेला आणि जमिनीतून सांगाडे उगवायला लागले. कंट्रोलर तुझ्या हातात होता आणि ओरडत मी होतो.

पण मी यादी वेगळ्या मापाने केली आहे. कुठला गेम मोठा, कुठल्याने पुढच्यांना वाट दाखवली, हे प्रश्न मी बाजूला ठेवले. प्रत्येक गेमला एकच विचारलं: लिंक, म्हणजे आपण खेळतो तो नायक, जिंकला तेव्हा माझ्या हातून काय गेलं? मला या मालिकेचं वेड का लागलं याचा माग काढत गेलो की दर वेळी मी याच प्रश्नाशी येऊन थांबतो. राजकन्या झेल्डा सुटली, खलनायक गॅनन मेला, एवढ्यावर माझं मन भरत नाही. जिंकल्यावर काहीतरी कायमचं मागे राहिलं पाहिजे.

या मापाने पहिला येतो लिंक्स अवेकनिंग. 1993 चा, गेम बॉयवरचा, चार छटांच्या चिमुकल्या पडद्यावरचा. निन्टेंडोच्या ताकाशी तेझुकांच्या टीमने तो कामाचे तास संपल्यावर, हौसेखातर करायला घेतला होता, आणि ती मोकळीक गेमभर जाणवते. नेहमीचं हायरूलचं राज्य नाही, इच्छा पुरी करणारा ट्रायफोर्स नाही, झेल्डासुद्धा नाही. जहाज फुटून लिंक कोहोलिंट बेटाला लागतो, आणि तिथून सुटायचं तर डोंगरावरच्या अंड्यात झोपलेल्या विंड फिशला आठ वाद्यं वाजवून जागं करायचं. काम सोपं वाटतं. मग अर्ध्याहून पुढे गेल्यावर एका देवळातल्या भिंतीवर लिहिलेलं सापडतं, की हे अख्खं बेट त्या विंड फिशचं स्वप्न आहे. तो जागा झाला की बेट नाहीसं होणार.

आता पुढचं वाद्य आणायला पाय कसा उचलायचा, सांग. मारिन ही त्या बेटावरची मुलगी. किनाऱ्यावर ती लिंकशेजारी बसून समुद्राकडे बघत म्हणते, मी समुद्रपक्षी असते तर लांब उडून गेले असते. तिला गाणं आवडतं, तिचं गाणं आपण तिच्याकडूनच शिकतो, आणि विंड फिशला जागं करताना तेच वाजवतो. म्हणजे तिचं सगळं जग पुसायला तिनेच शिकवलेली चाल कामी येते. राक्षसही हेच बजावतात, आणि ऐकताना वाटतं की यांचं म्हणणं खरं आहे, चुकतोय तो मीच. तरी मी खेळत राहिलो, कारण न खेळता तिथेच थांबणं हाही काही मार्ग नव्हता. शेवटी एकेक माणूस, एकेक घर विरत जातं, पडदा पांढरा होतो. लिंक फुटक्या लाकडाला धरून समुद्रात तरंगत असतो, वरून विंड फिश उडत जातो, आणि लिंक हसतो. ते हसू मला अजून नीट कळलेलं नाही. म्हणूनच मी तो गेम पुन्हा पुन्हा खेळतो. 2019 चा रिमेक देखणा आहे, पण तुला खेळायचा असेल तर आधी जुना खेळ. त्या करड्या पडद्यावर मारिन म्हणजे जेमतेम काही ठिपके आहेत, आणि तेवढ्या ठिपक्यांनी मला रडवलंय.

दुसरा मजोराज मास्क. तू लिहिलंस, "घड्याळ डोक्यावर टकटकत असतं, मोकळेपणाने फिरता येत नाही." बरोबर आहे तुझं. तीन दिवसांत चंद्र पडणार, खऱ्या वेळेत त्याची चौपन्न मिनिटं होतात, आणि प्रत्येक वेळी काळाचं गाणं वाजवून पहिल्या दिवसाच्या पहाटेला परत यायचं. पण तो जाच नसून तोच त्या गेमचा जीव आहे. आओनुमा आणि कोइझुमी या दिग्दर्शकांच्या टीमने ऑकारिनाचीच पात्रं, तेच चेहरे घेऊन साधारण वर्षभरात तो उभा केला आणि 2000 साली आणला. डंजन, म्हणजे कोडी आणि राक्षसांनी भरलेल्या जागा, चारच. बाकीचा सगळा वेळ क्लॉक टाउनमधल्या माणसांचा.

अंजू आणि काफे आठवतात का? लग्न ठरलेलं, आणि काफे गायब. शाप लागून तो लहान मुलगा झालाय, तोंडावर मुखवटा चढवून एका दुकानाच्या मागच्या खोलीत लपलाय. तू त्याच्यासाठीचं अंजूचं पत्र टपालपेटीत टाकतोस, पोस्टमन ते घेऊन जातो, तू त्याच्या मागावर जातोस. तिसऱ्या दिवशी गाव ओस पडतं, तरी अंजू सराईच्या खोलीत लग्नाच्या पोशाखाशेजारी वाट बघत बसलेली असते. सगळं जमवून आणलं तर पहाट व्हायला दीडेक तास उरलेला असताना काफे दारात येतो. डोक्यावर चंद्र, धरणी हादरतेय, आणि ती दोघं म्हणतात की आम्ही इथेच थांबून एकत्र सकाळ बघू. तू तिथून निघतोस आणि काळाचं गाणं वाजवतोस. पहिल्या दिवसाची पहाट. अंजू काउंटरमागे उभी. काफे बेपत्ता. तिला तू कोण हेही ठाऊक नसतं.

आणि यातलीच एक गोष्ट बहुधा तुझ्या नजरेतून सुटली असावी. पहिल्या रात्री एक चोर बॉम्बच्या दुकानातल्या म्हातारीची पिशवी पळवतो. तिला वाचवलंस, तर तो चोर पुढे चोरीचा माल विकायला येतच नाही, काफेचा लग्नाचा मुखवटा चोरणारा हाच, त्यामुळे काफेला त्याचा ठावठिकाणा लागत नाही, आणि त्या फेरीत अंजू-काफेची भेट होऊच शकत नाही. म्हातारीला वाचवायचं की त्या दोघांना, तू ठरव. हे कुणी सांगत नाही, कुठे गुण मिळत नाहीत. मला ते कळलं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो. एवढं सगळं ज्या गेममध्ये आहे, तो नववा?

तिसरा विंड वेकर, आणि इथे तू नाक मुरडणार हे मला माहीत आहे. समुद्र रिकामा आहे ही तुझी तक्रार निम्मी मान्य. शेवटाकडे ट्रायफोर्सचे आठ तुकडे गोळा करायची खटपट खरंच लांबली आहे. प्रत्येक नकाशा वाचून घ्यायला टिंगल नावाच्या पात्राला 398 रुपी (गेममधलं चलन) मोजायचे, मग तिथवर होडी हाकायची, मग आकडा टाकून ओढायचं. 2013 च्या नव्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच ते कमी केलं, म्हणजे चूक त्यांनाही पटली असणार. चित्रांवरून मात्र तू त्या गेमला नावं ठेवू नकोस. निन्टेंडोने 2000 मध्ये लिंक आणि गॅननडॉर्फची (गॅननचंच माणसाचं रूप) खरीखुरी भासणारी लढाई दाखवली आणि वर्षभराने मोठ्या डोळ्यांचा कार्टूनसारखा लिंक आणला, तेव्हा चाहते भडकले होते, ते समजू शकतं. पण आज बघ: त्या काळातल्या खऱ्याखुऱ्या दिसण्याच्या नादाला लागलेल्या कितीतरी गेमचे चेहरे आता बघवत नाहीत, आणि विंड वेकरचा वारा, लाटा, लिंकच्या भुवया अजून तशाच टवटवीत आहेत.

त्याच्या शेवटाशी तर मी कायमचा बांधला गेलोय. बुडालेल्या हायरूलचा राजा ट्रायफोर्सला हात लावून आपलं राज्य परत मागत नाही. ते पुसून टाक, या मुलांना पुढचं जग दे, असं मागतो. वरून पाणी कोसळायला लागतं, गॅननडॉर्फ हसत सुटतो. लिंक राजाकडे हात पुढे करतो. राजा वर येत नाही.

मग ऑकारिना, चौथा. वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्या मापानेही तो वरच आहे. झेल्डा लिंकला त्याचं बालपण परत देते, पण त्याने मोठेपणी जे जे केलं ते त्या जगातल्या कुणालाच आठवणार नसतं. मजोरातला लिंक एकटा का भटकतोय याचं मूळ तिथेच आहे. एवढं मान्य करून सांगतो, पाण्याचं मंदिर मला आजही छळतं. पाण्याची पातळी बदला, खेळ थांबवा, लोखंडी बूट चढवा, पुन्हा थांबवा, बूट काढा. थ्रीडीएस कन्सोलवरच्या आवृत्तीत ते बूट एका स्पर्शावर आले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड पाचवा. तिथे हरणं गेम सुरू होण्याआधीच, शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. आपण फक्त उशिरा पोहोचतो. बारा फोटो हाती घेऊन ती ती जागा शोधायची, उभं राहायचं, आणि मग कळतं की इथे काय घडलं होतं. पावसात, चिखलात, मेलेल्या गार्डियनांच्या, म्हणजे यंत्रराक्षसांच्या, गराड्यात झेल्डा लिंकपुढे आडवी उभी राहते ती आठवण मला सगळ्यात शेवटी सापडली, आणि तिथवर यायला मी आधीच्या कुठल्याही गेमपेक्षा जास्त पायपीट केली होती. तलवारी मोडतात म्हणून तू जो त्रागा केला आहेस त्यावर मी काही बोलत नाही, तू त्या जपून ठेवायला बघत होतास.

टीअर्स ऑफ द किंगडम तू दुसरा लावलास. 2023 मध्ये आपण दोघांनी रात्र-रात्र जागून त्यात गाड्या आणि विमानं जोडली, ती मजा मी विसरलेलो नाही. त्यातली ड्रॅगनची गोष्ट तर मालिकेतल्या सर्वांत धाडसी गोष्टींपैकी आहे. झेल्डा आपलं माणूसपण कायमचं गमावून ड्रॅगन होते, युगानुयुगं आकाशात फिरत राहते, आणि आपण खरं कळायच्या कितीतरी आधीपासून तिला डोक्यावरून जाताना बघितलेलं असतं. तिच्या माथ्यावर उभं राहून तलवार उपसताना माझे हात थरथरले. आणि मग शेवटी ती पुन्हा माणूस होते. लिंकचा गमावलेला हातही परत येतो. मला आनंद झाला, नाही कसा होणार? पण त्याच क्षणी गेमने जे माझ्याकडून घेतलं होतं ते परत केलं, आणि माझ्या यादीत तो सातव्यावर उतरला. सहावा ट्वायलाइट प्रिन्सेस आहे, लिंकची सोबतीण मिडना हिच्या एकटीसाठी. दोन जगं जोडणारा आरसा आपल्या अश्रूने फोडून ती निघून जाते आणि दार कायमचं बंद होतं.

अ लिंक टू द पास्टही टीअर्ससारखाच, घेतलेलं परत करतो. 1991 मध्ये उजेडाचं आणि अंधाराचं अशी दोन जगं एकमेकांवर रचली, पुढच्या सगळ्या झेल्डांचा आराखडा तिथेच आखला गेला. पण ट्रायफोर्सला हात लावला की राजा, काका, सगळे परत येतात. आठवा. स्कायवर्ड स्वॉर्ड नववा: गेमभर टक्केवाऱ्या सांगत आणि रिमोटची बॅटरी संपत आल्याची आठवण करून देत वैताग आणणारी, लिंकच्या तलवारीत वसणारी फी, निरोप घेताना म्हणते की मला आता आनंद म्हणजे काय ते थोडं कळलंय. तिथे माझा सगळा राग विरघळला. एकोज ऑफ विस्डम एकदाच खेळलोय, त्याला अजून जागा देत नाही.

तू आधी लिंक्स अवेकनिंग संपव. किनाऱ्यावर मारिनशेजारी बसशील तेव्हा घाई करू नकोस, बटण लगेच दाबू नकोस. आणि मजोरा पुन्हा सुरू केलास तर पहिल्या रात्री म्हातारीच्या पिशवीचं तू काय केलंस, ते पत्रात पहिल्या ओळीत लिही.

तुझाच,
कंट्रोलरचा दुसरा वाटेकरी