‘4के’च्या शिक्क्याआधी मूळ फिल्म विचारा

महोदय,

20 जुलै (अपोलो 11 चंद्रावर उतरल्याचा दिवस) जवळ आला की चांद्रमोहिमांवरील माहितीपटांच्या शिफारशी छापून येतात आणि त्यांत ‘4के’चे कौतुक हमखास असते. पडद्यावर ठिपके किती, एवढेच त्या शिक्क्यावरून कळते. मूळ चित्रात तेवढा तपशील होता का, हा प्रश्न तसाच राहतो.

अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमांच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे. 2019 च्या ‘अपोलो 11’ माहितीपटासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील 65 मिमी रुंद फिल्मची रिळे नव्याने स्कॅन झाली. उड्डाणाची तयारी आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची गर्दी त्यांत आहे, आणि ती रिळे 4के ला पुरून उरतात. चंद्रावर उतरतानाचे दृश्य मात्र यानाच्या खिडकीतील 16 मिमी कॅमेऱ्याचे आहे. त्याची फ्रेम जेमतेम 10 मिमी रुंद. मॅगझिनमध्ये (फिल्मच्या डबीत) सुमारे 140 फूट फिल्म मावायची. नेहमीच्या 24 फ्रेमच्या वेगाने ती चार मिनिटांतच संपली असती, म्हणून सेकंदाला 6 फ्रेमच घेतल्या. चंद्रावरून झालेले थेट प्रक्षेपण तर त्याहून गरीब: 320 रेषा, सेकंदाला 10 चित्रे. ते नेहमीच्या दूरचित्रवाणीवर दाखवण्यासाठी पृथ्वीवरच्या केंद्रांत मॉनिटरसमोर दुसरा कॅमेरा लावावा लागला. यानाकडून आलेले मूळ संकेत साठवलेल्या टेलिमेट्री फिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. 2009 ची दुरुस्त आवृत्ती प्रक्षेपणाच्या उत्तमातल्या उत्तम नकलांवरून केलेली आहे. तिची ‘4के’ प्रत म्हणजे फुगवलेले चित्र, दुसरे काही नाही.

खरे नुकसान ‘सफाई’त होते. 6 फ्रेमचे चित्रण 24 वर नेण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे प्रत्येक फ्रेम चारदा दाखवणे. चित्र अडखळते, पण कॅमेऱ्याने टिपले तेच दिसते. हल्ली संगणकाकडून मधल्या तीन फ्रेम रचून घेतात. मग विवरांच्या कडा वितळल्यासारख्या होतात आणि शेवटच्या काही सेकंदांतले धुळीचे झोत लिबलिबीत दिसतात.

फिल्मवर बसलेली धूळ काढणारे सॉफ्टवेअर तर आणखी घातक. जो ठिपका एकाच फ्रेममध्ये आहे, शेजारच्या फ्रेममध्ये नाही, तो कचरा, असा त्याचा हिशेब. सॅटर्न 5 अग्निबाण उठताना अंगावरून कोसळणारे बर्फाचे तुकडे नेमके तसेच असतात, म्हणून तेही पुसले जातात. अशा शॉटपुरती स्वयंचलित सफाई बंद करून हाताने डाग काढावे लागतात. त्याला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून ते टळते. ग्रेन (फिल्मचे मूळचे बारीक कण) काढण्याचेही तेच: चांद्रमातीचा पोत आणि ग्रेन जवळपास एकाच आकाराचे, त्यामुळे दोन्ही एकत्रच जातात आणि जमीन मेणाची वाटू लागते.

उलट, काही ‘दोष’ हे दोष नसतात. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 चे यान चंद्रावरून उठताना लाल, हिरवे, निळे कण उडालेले दिसतात. कॅमेऱ्यात रंगीत चकती फिरत होती व एकेक रंग आळीपाळीने टिपला जाई. वेगवान वस्तू तेवढ्यात पुढे सरके. ते रंग राहू द्यावेत.

4:3 चौकटीचे चित्र 16:9 पडद्यावर भरले की उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या पाहून तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

स्ट्रीमिंगबद्दलही थोडे. ग्रेन प्रत्येक फ्रेममध्ये बदलतो, त्यामुळे तो दाबून साठवणे अवघड. बिट (सेकंदाला येणारी माहिती) कमी पडले की ग्रेनचे चौकोन होतात आणि काळ्या आकाशात पायऱ्या दिसतात. ब्ल्यू-रे डिस्कवर चित्रासाठी सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत जागा असते. त्यामुळे नीट बनवलेली साधी ब्ल्यू-रे अनेकदा 4के स्ट्रीमिंगपेक्षा उजवी ठरते.

तेव्हा शिफारस करताना मूळ फिल्म किती मिमी, चौकट मूळची की कापलेली आणि मधल्या फ्रेम रचलेल्या आहेत का, एवढे तरी छापावे.

घरच्या टीव्हीवर ‘फिल्ममेकर मोड’ (चित्रात फेरफार न करणारी सेटिंग) असेल तर तो लावावा. नसेल तर मधल्या फ्रेम रचणारे मोशन स्मूदिंग (जुन्या सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’, नव्यांवर ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’) आणि ग्रेन पुसणारे नॉइज रिडक्शन बंद करावे. शार्पनेस बहुतेक संचांवर शून्याजवळ ठेवावा, सोनीवर मात्र मधल्या 50 वर. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’ निवडावे.

– एक वाचक, ठाणे