क्रीडामंत्री साहेब, माझ्या मुलाच्या पोटऱ्यांवरचे वळ कोणत्या खात्यात येतात?

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असाल म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसले होते. जमेलसं वाटत नाही.

माझा मुलगा १२ वर्षांचा. धनकवडीत घराजवळच एका खासगी अकादमीत दोन वर्षं ॲथलेटिक्सला जातो. म्हणजे जायचा. मागे चार दिवस हा घरातही गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून बसायचा. मला वाटलं, पोरांची नवी फॅशन असेल. पाचव्या रात्री झोपेत मोजा घसरला आणि पोटरी दिसली. दोरीउडीच्या प्लॅस्टिकच्या दोरीचा वळ पाहिलाय कधी? मध्ये पांढरट पट्टा आणि दोन्ही कडांना जांभळी रेघ. असे सहा होते. कारण काय, तर स्टार्टला दोनदा चुकला.

सर म्हणाले, "ताई, तापवल्याशिवाय सोन्याचा दागिना होत नाही." महिना अडीच हजार भरून मी सोनं तापवायला टाकलंय, हे मला ठाऊकच नव्हतं.

चौकीत एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, घेतली, तीही 'मुलाचं करिअर बघा' हे ऐकून घेतल्यावर. मग आपल्या खात्याच्या एका कार्यालयात गेले. आठ दिवसांत माणूस पाठवतो म्हणाले. आज ४१ वा दिवस. तिसऱ्या खेपेला उत्तर बदललं: अकादमी खासगी आहे, आमच्याकडे तिची नोंदच नाही, कारवाई कशावर करणार? वा! वडापावची गाडी लावायला परवाना लागतो. पन्नास मुलं पहाटे साडेपाचच्या अंधारात ताब्यात घ्यायला मात्र एक शिट्टी आणि एक फ्लेक्स पुरतो. आमच्या घरापासून कात्रजपर्यंत असे २३ फ्लेक्स मी बसच्या खिडकीतून मोजलेत. शहरात किती असतील, हजार? दोन हजार? आपल्याकडे आकडा असेल तर मला खोटं पाडा, मला आनंदच होईल.

कायदे नाहीत असं नाही, आता तेही पाठ झालेत. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५, तीन वर्षांपर्यंत कैद. पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, तर माहीत असून न कळवणाराही गुन्हेगार. बदलापूरनंतर शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सगळं लागू झालं. शाळा साडेपाचला सुटली की तेच मूल पलीकडच्या मैदानात जातं आणि फाटकापाशी सरकार संपतं. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित खेळ धोरणही त्यात आहे. पण ते महासंघांसाठी. आमच्या सरांचा महासंघ म्हणजे ते आणि त्यांचे मेहुणे.

माहिती अधिकारातून २०२० मध्ये बाहेर आलं होतं की साईमध्ये, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणात, दहा वर्षांत लैंगिक छळाच्या ४५ तक्रारी झाल्या, २९ प्रशिक्षकांवर. हे सरकारी छताखालचं, लेखी दिलेलं. पत्र्याच्या शेडमधलं कोण मोजणार?

सात पालकांना फोन केले. दोघींनी कबूल केलं, एकीने रडून फोन ठेवला. लेखी कोणीच देईना. "दहावीला ग्रेस मार्क लागतात हो." पुढे नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. स्पर्धेला नाव पाठवणारा हात आणि दोरी धरणारा हात एकच असला की आईबाप गप्पच बसणार. आणि हे फक्त पोरांचंच नाही. माझा भाचा २२ वर्षांचा, पोलीस भरतीच्या अकादमीत अंगात ताप असताना पळवला, चक्कर येऊन पडला, तर वर नाटकी म्हणून हिणवला.

तीन रजा गेल्या, पगार कापला, बीपीची गोळी सुरू झाली. यजमान म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी मास्तर मारायचेच. आणि खरं सांगू, रात्री मलाही वाटतं गप्प बसावं. ऑलिंपिकचं पदक आणणाऱ्या आणि छळाविरुद्ध आंदोलनाला बसलेल्या कुस्तीपटू साक्षी मलिकला २०२३ मध्ये दिल्लीच्या रस्त्यावरून पोलिसांनी उचलून नेलेलं सगळ्या देशाने पाहिलं. तिथे माझं पोर कोण? जिल्ह्यात चौथा आलेला.

पदक आलं की आपण विमानतळावर हार घेऊन हजर असता. तो खेळाडू १२ वर्षांचा असताना कोण हजर होतं?

मागणं फार नाही. अकादम्यांची नोंदणी करा, यादी लावा, प्रशिक्षकाची पडताळणी पोलिसांकडून करून घ्या, तक्रार ऐकणारा माणूस अकादमीबाहेरचा असू द्या. आणि सरावाच्या वेळी आयांना गेटबाहेर हाकलू नका. "लक्ष विचलित होतं" म्हणे. कोणाचं?

त्याचे स्पाइक्स धुऊन दाराशी ठेवलेत. परवा विचारत होता, सर मला परत घेतील का? म्हणजे चूक त्याचीच.

आपला माणूस अजून निघालाच नसेल, तर पत्ता माझ्याकडे आहे. सकाळी साडेपाचला गेटपर्यंत मी स्वतः सोडायला येईन.

एक आई,
धनकवडी, पुणे ४३