माडीवरून खाली आलेल्या मुलीस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं नाव इथं घालत नाही. चारचौघांत कौतुक केलं की तुझे कान लाल होतात, मला माहीत आहे. पण शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर तू दोन वर्षं भाड्यानं राहिलीस, परीक्षा झाली तशी पुण्याला नोकरीला गेलीस, आणि माझा भंगारात निघालेला लॅपटॉप तू वाचवलास, त्याबद्दल मी तुझे धड आभारही मानले नाहीत. टेम्पो दारात, तू "येतो काकू" म्हणालीस, मी भडंगाची पुडी हातात कोंबली, झालं. ("येतो" नव्हे, "येते" म्हण, असं दोन वर्षं सांगून मी मराठीची मास्तरीण हरले. कोल्हापूरच्या पोरी ऐकायच्या नाहीत.)

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मुदत संपली, म्हणजे त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या भजनी मंडळात हाच विषय. कुणी म्हणे नवा लॅपटॉप घ्यावा लागणार, कुणी म्हणे वर्षभराची वाढीव मुदत मिळते, ती घेऊया. मी गप्प बसून टाळ पुसत होते. तेव्हाच ठरवलं, हे पत्र लिहायचं.

माझा लॅपटॉप 2014 चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा, शिवाय टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय हवी. राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं तर झाकण उघडायच्या आधीच सांगितलं, "काकू, भंगारात घाला." मी तो पिशवीत घालून परत आणला आणि तू विरजण मागायला खाली आलीस.

तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, मी एवढी का घाबरले होते. 2016 च्या मे महिन्यात विंडोज 7 वरून 10 फुकट मिळत होतं. मी हौसेनं बटण दाबलं. बॅटरी आधीच मेलेली, लॅपटॉप थेट वायरीवर, आणि वळवाचा पाऊस आला. लाईट गेली. पुढं मशीन सुरूच होईना, दुरुस्तीत सगळं पुसलं गेलं. चूक माझीच, कॉपी काढली नव्हती. त्यात आईकडून लिहून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. एका जुन्या पेनड्राइव्हवर साठेक राहिल्या, बाकीच्या गेल्या. आई त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती.

तू पहिल्या दिवशी काहीच बसवलं नाहीस, ते मला फार आवडलं. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं सॉफ्टवेअर, सुरू केलंस आणि म्हणालीस, "नुसतं बघा. ह्यानं आतल्या कशाला हात लागत नाही. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढा, जुनं तसंच आहे." दोन संध्याकाळी मी नुसतं बघितलं. वायफाय लागलं, आवाज आला, यूट्यूबवर कीर्तनही ऐकलं. मग तू नवी बॅटरी आणि एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी जलद डिस्क, आणायला लावलीस, आणि काढलेली हार्ड डिस्क "पुसू नका, असू द्या" म्हणून माझ्याकडंच दिलीस. ती अजून ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून कपाटात आहे.

बसवायची वेळ आली तेव्हा तू हात मागं बांधून उभी राहिलीस. मी म्हटलं, अगं तूच कर, पाच मिनिटांत होईल. "पाच मिनिटांत होईल, पण मग पुढच्या वेळी तुम्ही परत माडीवर हाक मारणार." पासवर्ड टाकताना तर पाठ फिरवलीस. मुलगा, जावई, दुकानदार, आजवर ज्यानं ज्यानं मदत केली त्यानं आधी लॅपटॉप स्वतःकडं ओढला होता.

मी विचारलं होतं, हे फुकट कसं देतात? आणि लगेच स्वतःच शहाणपणानं म्हटलं, म्हणजे ओवीसारखं, एकीनं म्हटली, दुसरीनं भर घातली. तू मान हलवलीस. "नाही काकू, ओवीला लायसन नसतं, ह्याला आहे." मग जीपीएल नावाचं ते लायसन समजावलंस: वापरा, उघडून बघा, बदला, वाटा, पण बदलून वाटलंत तर तेही तसंच खुलं ठेवायचं. लिनस टोरवाल्ड्सनं 1991 साली सुरू केलेलं लिनक्सचं मूळ याच अटीवर चालतं म्हणालीस. अटीसकट दान! मला पटायला दोन दिवस लागले.

खरी कसोटी ओव्यांचीच निघाली. वर्डच्या जागी आलेल्या लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलरच्या खुणा. जुन्या फॉन्टची ती करामत: आत इंग्रजी अक्षरं साठवलेली, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट नाही, तर मराठीही नाही. तू युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी दिसेल अशा पद्धतीत, रूपांतर केलंस तर "सूर्य"चा "सूयर्" झाला, जोडाक्षरांवरच्या वेलांट्या भलत्याच जागी लोंबायला लागल्या. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. मग तीन रात्री तू वाचायचीस, मी सुधारायची. इन्स्क्रिप्ट ह्या मराठी कीबोर्डचा तक्ता तू भिंतीला चिकटवलास: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. क ची कळ शिफ्टसकट दाबली की ख, ग ची दाबली की घ. अगं, ही तर वर्णमालाच! आयुष्यभर शिकवलं, बोटांना मात्र सदुसष्टाव्या वर्षी आली.

सगळं गोड नाही. प्रिंटर छापतो, पण त्याचा स्कॅनर अजून रुसलेला आहे. पेन्शनच्या कागदांचे फोटो मी मोबाइलनंच काढते.

आता खरी बातमी. मिंटच्या 22.1 आवृत्तीवरून 22.2 वर मी एकटी गेले! ह्या आवृत्तीचं नाव झारा. मिंटवाले आवृत्त्यांना बायकांची नावं देतात. पूर्वी अमेरिकेत वादळांना द्यायचे, त्यापेक्षा बरं. आधी ओव्या पेनड्राइव्हवर, मग टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (बिघडलं तर मशीन होतं तसं परत आणणारी प्रत), बॅटरी पूर्ण भरलेली, आणि मगच बटण. चिवडा परतून होईस्तोवर काम झालं. मध्ये लाईट गेली होती. मला पंखा थांबल्यावर कळलं.

ओव्यांची फाइल तुला मेलनं पाठवली आहे. एकतिसाव्या ओवीत एका शब्दाच्या जागी अजून नुसता चौकोन दिसतो. कन्व्हर्टरलाही उलगडला नाही, मलाही आठवत नाही. तुझ्या गडहिंग्लजच्या आजीला ती ओवी येत असेल, तर विचारून कळव.

तुझी,
खालची काकू