आई, मी झोपते व्यवस्थित

हॅलिफॅक्स, इंग्लंड,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. ड्युटी, जेवण, थंडी हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही. फराळाचा डबा पोचला. चकल्या थोड्या मोडल्या, चव शाबूत होती. वॉर्डातल्या सगळ्यांना एकेक दिली आणि अनारसे मात्र कुणाला दाखवलेसुद्धा नाहीत.

परवा फोनवर ‘खुनाच्या सिरीयली बघणं बंद कर’ म्हणताना आईचा आवाज चढला आणि मी घाईत फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी नीट लिहून उत्तर देते. हो, मी रात्री जेवताना खुनाच्या सिरीयली बघते. हो, त्यातली सगळ्यात गाजलेली आमच्याच भागात घडते. पण इथं रस्त्यावर मुडदे पडलेले नसतात. ड्युटीहून मी बसने येते आणि स्टॉपपासून घर चार मिनिटांवर आहे. वाटेत दिवे आहेत. शेजारच्या काकूंना हे सगळं दादाने मीठमसाला लावून सांगितलेलं दिसतंय.

त्या सिरीयलचं नाव ‘हॅपी व्हॅली’. अर्थ आनंदी दरी, पण आनंदाशी त्याचा संबंध नाही. काल्डर नदीच्या या खोऱ्यात ड्रग्जचा फार सुळसुळाट झाला, तेव्हा इथल्या पोलिसांनीच ते नाव ठेवलं होतं. लिहिणाऱ्या सॅली वेनराइट बाई इथून जवळच्या सोअरबी ब्रिजमध्ये वाढल्या. त्यामुळे त्यात दिसणाऱ्या काळपट दगडाच्या घरांच्या रांगा, चढाचे रस्ते आणि मागचे ओकेबोके डोंगर मला खिडकीतून दिसतात तसेच आहेत. लंडनचा राजवाडा नाही, लाल बस नाही. आपल्याकडे इंग्लंड म्हणून जे दाखवतात त्यातलं काहीही त्यात नाही, आणि मी जिथं राहते ते इंग्लंड हेच आहे.

मी ऑक्टोबर २०२२ मध्ये आले आणि १ जानेवारी २०२३ ला ‘हॅपी व्हॅली’चं तिसरं पर्व सुरू झालं. पहिलं २०१४ चं, दुसरं २०१६ चं, आणि मग मध्ये सात वर्षं काही नाही. त्यात नायिकेचा एक नातू आहे. तो मोठा झाल्यावरची गोष्ट सांगायची होती, म्हणून खरोखरच थांबले. तिन्ही पर्वांत काम करणारा मुलगा तोच. रविवारी रात्री नऊला घरमालकीणबाईंनी मला वरून खाली हाक मारली, ‘एकटी काय बसतेस, ये’ म्हणून. त्या दिवसापासून मी त्यांच्या सोफ्यावर बसते. सोमवारी वॉर्डात सफाईवाल्या मावशींपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्याच भागाबद्दल बोलत होते, आणि मलाही बोलता आलं. इथं आल्यावर पहिल्यांदा मी कुणाच्या गप्पांत मध्येच तोंड घातलं ते तेव्हा. रुग्णांची बोलीही मी तिथूनच उचलली. इथली म्हातारी माणसं काही नाही म्हणायला ‘नाउट’ म्हणतात, चहाला ‘ब्रू’, आणि परक्या नर्सलाही ‘लव्ह’ म्हणून हाक मारतात. इंग्रजीच्या आयईएल्टीएस परीक्षेच्या क्लासात हे कुणी शिकवलं नव्हतं.

आई, त्यातली कॅथरीन तुला आवडेल. पोलीस सार्जंट, सत्तेचाळीस वर्षांची, घटस्फोटित. लेक गेलेली, मुलगा तिच्याशी बोलत नाही, व्यसनातून सावरलेली बहीण घरात, आणि पदरी नातू. ज्या माणसाने लेकीचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, त्याचाच हा मुलगा, तरी ती त्याला वाढवते. पहिल्याच भागात एक पोरगा अंगावर पेट्रोल ओतून उभा असतो. ती हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन जाते आणि त्याला स्वतःच्या घरचं हे सगळं सांगत बसते. आवाज चढवत नाही. गुडघे दुखतात, झोप झालेली नसते, तरी दुसऱ्या दिवशी युनिफॉर्म चढवून हजर. सारा लँकेशायरनं ही बाई अशी उभी केलीय की मला आपल्या सिव्हिलमधल्या जुन्या मेट्रन आठवतात. नटूनथटून कट करणाऱ्या सासू-सुनांत मला अशी बाई कधी दिसली नाही.

बाबा, तुमची शंका होती की इथल्या पोलिसांकडे बंदूक नसते म्हणजे ते करतात काय. खरं आहे, इंग्लंडमधल्या साध्या पोलिसाकडे बंदूक नसते, त्यासाठी वेगळी पथकं असतात. म्हणून तर या सिरीयली चांगल्या होतात. दार तोडून गोळी घालून प्रश्न सुटत नाही, बोलूनच सोडवावा लागतो. ‘लाइन ऑफ ड्यूटी’त पोलिसांचीच चौकशी करणारं खातं आहे. त्यात एका टेबलाभोवती वीस-वीस मिनिटं नुसती प्रश्नोत्तरं चालतात, शेजारी रेकॉर्डर चालू, आणि आपला श्वास अडकलेला. अटक करताना आधी सांगतात की तुम्ही काही बोललंच पाहिजे असं नाही. आणि आरोप न ठेवता साधारणपणे चोवीस तासांपलीकडे कोंडून ठेवता येत नाही, पुढे ठेवायचं तर वरची परवानगी लागते. तुम्ही दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’बद्दल सांगता ना, साधा तपास, साधी माणसं, तसंच तुम्हाला वाटेल.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला खोटी वाटेल. इथं टीव्ही बघायला कायद्याने लायसन्स लागतं. २०२५ च्या दराने वर्षाचे १७४ पौंड ५० पेन्स, म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास. टीव्ही घेण्यासाठी नाही, बघण्यासाठी. एका घराला एक, मग घरात चार टीव्ही असोत. पण एकाच घरातल्या खोल्या वेगवेगळ्या करारांनी भाड्याने दिल्या असतील तर ज्याचं त्याने काढायचं. कार्यक्रम चालू असताना थेट बघितला तर कुठल्याही चॅनेलसाठी लागतं, मोबाईलवर बघितला तरीही. नंतर दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर बघितला तर लागत नाही, पण बीबीसीच्या आयप्लेअरवर नंतर बघितला तरी लागतं. काळ्या-पांढऱ्या टीव्हीचं स्वस्त लायसन्स अजून मिळतं! नसेल तर हजार पौंडांपर्यंत दंड. मला हे कळायला एक अख्खा हिवाळा लागला. त्या पैशावर मुख्यतः बीबीसी चालते, म्हणून मध्ये जाहिराती नाहीत आणि एक भाग जवळजवळ तासभर सलग चालतो. आजोबांच्या मर्फी रेडिओच्या लायसन्सचे पैसे दरवर्षी पोस्टात भरायला तुम्ही जायचात ना बाबा? तसंच. (मी घरमालकीणबाईंकडेच बघते, त्यांचं लायसन्स आहे. मी दंडात सापडणार नाही.)

आईने विचारलं होतं, दिवसभर आजारी माणसं बघून पुन्हा रात्री मेलेली माणसं कशाला बघायची. याचं उत्तर मी फोनवर टाळलं. आई, या सिरीयलीत एक माणूस जातो आणि त्याच्यासाठी सहा-आठ तास खर्ची घालतात. ‘ब्रॉडचर्च’मध्ये एक लहान मुलगा जातो, तर पहिल्या पर्वाचे आठही भाग त्या एका मुलाचेच आहेत. त्याची आई ओट्याशी नुसती उभी राहते, शेजारीपाजारी काय बोलावं ते न सुचून दारात थांबतात, बाप खोलीत जाऊन बसतो. ‘अनफरगॉटन’मध्ये तर तीस-चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्याची हाडं सापडतात आणि दोन अधिकारी म्हणतात, याच्या घरच्यांना कळायला हवं. कुणी घाई करत नाही.

आजी आषाढात गेली तेव्हा दादाने मोबाईल धरला होता. मी इथं स्टाफरूममध्ये उभी राहून अकरा मिनिटं बघितलं, तोंड धुतलं आणि औषधांची ट्रॉली घेऊन बाहेर पडले. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की पोरीला रजा मिळाली नाही. आई, मी रजा मागितलीच नव्हती. मागितली असती तर मिळाली असती. तिकीट नव्वद हजारांच्या घरात होतं आणि त्याच महिन्यात कर्जाचा हप्ता आणि दादाचा स्लॅब होता, असा हिशेब मी केला. तो बरोबरही होता. पण त्या रात्री सोफ्यावर बसून मी कुठल्याशा परक्या मुलाच्या आईसाठी रडले, आणि घरमालकीणबाईंनी काही न विचारता टीव्हीचा आवाज कमी केला. त्यामुळे तू ‘असलं बघणं बंद कर’ म्हणालीस की मला उत्तर देता येत नाही.

असो. मी आनंदात आहे, खरंच. काळजी करू नका.

आता कामाचं. गुरुवारी साठ हजार पाठवलेत, त्यातले पंचवीस हप्त्याचे, बाकी स्लॅबचे. कर्जाचे आता तीन लाख चाळीस हजार उरलेत, ते मीच फेडणार, बाबांनी एफडी मोडू नये. आईची गुडघ्याची तपासणी त्याच पैशात करून घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

साताऱ्याच्या स्थळाबद्दल: मी नाही म्हटलेलं नाही. मुलाशी दोनदा बोलले, बरा वाटला. ‘तुम्ही परत कधी येणार’ असं त्याने विचारलं आणि माझ्याकडे तारीख नव्हती, एवढंच झालं. त्यांच्या घरी जूनपर्यंत थांबायला सांगा. थांबले नाहीत तर राग मानू नका, माझ्यामुळे तुम्हाला खाली मान घालावी लागू नये एवढंच वाटतं. वहिनीच्या बहिणीच्या लग्नाला माझ्यातर्फे पैठणी द्या, पैसे वेगळे पाठवते.

पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे आजीच्या वर्षश्राद्धाची तिथी पुढे जाईल. गुरुजींना विचारून इंग्रजी तारीख लवकर कळवा. तिकीट अजून काढलेलं नाही, पण रजेचा अर्ज कालच दिला आहे.

दादा-वहिनीला नमस्कार, चिऊला गोड पापा.

तुमची,
मनू

ता. क. दादाला सांगा, ‘हॅपी व्हॅली’चा शेवट कुठे वाचू नकोस. मी आले की आपण सगळे मिळून पहिल्यापासून बघू. आणि बाबा, रेडिओच्या लायसन्सचं ते पुस्तक माळ्यावर असेल तर फोटो पाठवा, घरमालकीणबाईंना दाखवायचंय.