‘ऑफ’, ‘अप’ आणि ताईंची वही

ताई,

सगळं ऑफिस तुम्हाला ताईच म्हणायचं, म्हणून इथेही तेच. तुमच्या निरोपाच्या दिवशी बोलायला उभा राहिलो आणि दोन वाक्यांत खाली बसलो. राहिलेलं आता लिहितो.

तो फोन आठवतो? परदेशातला ग्राहक म्हणाला, ‘वुई हॅव टू पुट ऑफ द लाँच.’ ‘पुट’ म्हणजे ठेवणं, ‘ऑफ’ म्हणजे बंद. मी बेरीज केली आणि काम रद्द झालं म्हणून टीमला सांगून मोकळा झालो. दोन दिवस सगळे हातावर हात ठेवून बसले. काम रद्द झालंच नव्हतं, नुसतं पुढे ढकललं होतं. रद्दच करायचं असतं तर तो ‘कॉल ऑफ’ म्हणाला असता. साहेबांनी बोलायचं ते बोलून घेतलं. तुम्ही मात्र खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि विचारलंत, ‘पाठ काय केलं होतंस?’

मी इंग्रजीतल्या जोडक्रियापदांची (फ्रेझल व्हर्ब्जची) यादी दाखवली. ‘गेट’ची रांग, ‘टेक’ची रांग, ‘पुट’ची रांग, समोर मराठी अर्थ. तुम्ही ती न वाचताच पालथी ठेवलीत. ‘क्रियापद सोड,’ म्हणालात, ‘त्याच्या मागचा चिमुकला शब्द काय करतो ते बघ.’

‘ऑफ’ म्हणजे मुळात बंद नव्हे, सुटणं. विमान ‘टेक ऑफ’ करतं तेव्हा जमिनीपासून सुटतं, सदरा ‘टेक ऑफ’ केला की अंगापासून सुटतो, आणि ‘पुट ऑफ’ केलेलं काम आजच्या तारखेपासून लांब जातं. ‘अप’मध्ये कितीतरी वेळा वर जाण्याचा संबंधच नसतो, पुरतं संपवण्याचा भाव असतो: ‘यूज अप’, ‘ड्राय अप’. मला लगेच शंका, मग अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो कसा? तुम्ही हसलात. ‘मराठी माणूस “येतो” म्हणतो आणि निघून जातो, ते कसं?’

त्याच दुपारी तुम्ही मला माझीच भाषा दाखवलीत. ‘मी नको ते बोलून बसलो’ यात कोण बसलं? ‘लिहून टाक’ म्हटल्यावर काय टाकायचं? ‘बोललो’ आणि ‘बोलून बसलो’ यांतला फरक मला कुणी शिकवला नव्हता, तरी तो चुकत नाही. इंग्रजांचा ‘अप’ आणि आपला ‘टाकणे’ एकच नव्हेत, हेही तुम्ही बजावलंत. पण कोड्याची जात ओळखीची निघाली आणि माझी भीती निम्मी झाली.

मग ‘इट’चा घोळ. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं, पण ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. मी महिनाभर ‘टर्न ऑफ इट’ म्हणत होतो. तुमचं स्पष्टीकरण विसरलेलो नाही: ‘इट’ म्हणजे आधीच माहीत असलेली गोष्ट, तिला वाक्याच्या शेवटची मानाची जागा मिळत नाही. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटतच नाही, तिथे ‘लुक आफ्टर इट’च. हे कानानेही पकडता येतं, असं सांगून तुम्ही दोन्ही मोठ्याने म्हणून दाखवलीत. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर, ‘लुक आफ्टर इट’मध्ये ‘लुक’वर. पुस्तकात हे डोळ्यांना दिसलंच नसतं.

‘लुक फॉरवर्ड टू’चं तर काय सांगू! माझ्या प्रत्येक ईमेलच्या शेवटी ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असायचं. तुम्ही एकदाच ‘मीट’चं ‘मीटिंग’ केलंत आणि कसोटी दिलीत: त्या ‘टू’पुढे नुसतं नाम ठेवून बघ. ‘लुक फॉरवर्ड टू द वीकेंड’ बसतं, म्हणजे पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ हवंच.

एक गोष्ट मात्र तेव्हा झोंबली होती. तुम्ही म्हणालात, माझं इंग्रजी ‘प्रस्थान करतो’ छापाचं आहे. मी ‘टॉलरेट’ म्हणायचो, परदेशातले ग्राहक ‘पुट अप विथ’ म्हणायचे. मी ‘पोस्टपोन’, ते ‘पुट ऑफ’. चूक काहीच नाही, पण ‘निघतो’ म्हणायच्या जागी कुणी ‘प्रस्थान करतो’ म्हणालं तर आपणही मान वर करून बघतोच. लॅटिन-फ्रेंचमधून आलेले भारदस्त शब्द शाळेत भेटले, घरगुती शब्द राहून गेले. दिलासा म्हणून तुम्ही इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनचा दाखला दिलात. 1755च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलं होतं, की परक्यांना सर्वांत जड जातात ती हीच जोडक्रियापदं. तेव्हापासून रांगेत उभे असलेले आपण, असं तुम्ही म्हणालात.

तुमची वही अजून माझ्याकडे आहे. ‘मेक आउट’चं पान उघडलं की आजही डोकं खाजवतो: अक्षर लागणं, ढोंग करणं, चेक लिहिणं, आणि ज्याच्यापुढे तुम्ही नुसतं ‘हे तू शोध’ लिहिलंत तो चौथा अर्थ. तो सापडला, ताई, आणि भर मीटिंगमध्ये कान लाल झाले. वही परत मागू नका एवढ्यात. अजून थोडे दिवस ठेवून घेतो.

तुमचा,
शेजारच्या टेबलावरचा