रिबीनसुद्धा उचलून नेली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला रशियन साहित्यावरचा लेख आवडला. टॉलस्टॉय, गॉर्की, सोल्झेनित्सिन सगळे आले. सोव्हिएत कादंबरीकार वासिली ग्रॉसमन मात्र कुठेच नाहीत. त्याची चुटपुट लागली म्हणून लिहिते.

मी साताऱ्यात एकतीस वर्षं टायपिंगची कामं केली. कोर्टाचे दावे, पीएच.डी.चे प्रबंध. मूळ कागदाखाली तीन कार्बन लावायचे आणि बडवत सुटायचं. कोरा कार्बन एकदा वापरून उजेडासमोर धरला, की अख्खं पान वाचता येतं. टाइपरायटरच्या नव्या रिबिनीवर, म्हणजे शाईच्या फितीवरही, अक्षरं ओळीनं उमटलेली असतात. म्हणून एक वकीलसाहेब नाजूक प्रकरणातले कार्बन माझ्यासमोर जाळून मगच घरी जायचे.

१४ फेब्रुवारी १९६१ ला केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांची, माणसं ग्रॉसमन यांच्या मॉस्कोतल्या घरी आली. ‘जीवन आणि नियती’ या कादंबरीच्या प्रती तर नेल्याच, वर वापरलेले कार्बन आणि टाइपरायटरच्या रिबिनीही नेल्या. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. टायपिस्टांकडच्या प्रतीही सोडल्या नाहीत. लेखकाला धरलं नाही, अटक झाली ती पुस्तकाला.

आणि हा माणूस काही सरकारचा जुना वैरी नव्हे. लष्कराच्या वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून स्टालिनग्राडच्या लढाईत राहिलेला, ट्रेब्लिंका या नाझींच्या मृत्युछावणीवर १९४४ मध्येच लिहिणारा. त्याचा गुन्हा एवढाच, की कादंबरीतला नाझी अधिकारी कैदेतल्या म्हाताऱ्या बोल्शेविकाला, म्हणजे रशियन कम्युनिस्टाला, सांगतो, आपण एकमेकांकडे पाहतो तेव्हा आरशातच पाहत असतो. माझ्या पुस्तकाची सुटका करा, असं ग्रॉसमन यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना लिहिलं. कम्युनिस्ट पक्षाचे बडे नेते सुस्लोव्ह यांनी बोलावून सांगितलं, दोन-तीनशे वर्षं तरी हे छापणं शक्य नाही. १९६४ मध्ये ग्रॉसमन कॅन्सरनं गेले.

कवीमित्र सेम्योन लिपकिन यांनी एक प्रत दडवून ठेवली होती. पुढे अणुशास्त्रज्ञ साखारोव्ह वगैरेंच्या मदतीनं तिची मायक्रोफिल्म देशाबाहेर गेली. १९८० मध्ये कादंबरी स्वित्झर्लंडमध्ये निघाली आणि १९८८ मध्ये खुद्द सोव्हिएत देशात. पुरवणीचं एक पूर्ण पान या माणसाला द्या, एवढी विनंती आहे.

सप्टेंबर १९४१ मध्ये ग्रॉसमन यांच्या आईला युक्रेनमधल्या बेर्दिचेव्ह गावी हजारो ज्यूंबरोबर नाझींनी गोळ्या घातल्या. त्याला वीस वर्षं झाली तेव्हा, पुस्तक जप्त असताना, ग्रॉसमन यांनी त्या मृत आईला पत्र लिहिलं: मी गेल्यावरही तू या पुस्तकात जगशील. कादंबरी तिलाच अर्पण केलेली आहे. त्यात एक अख्खं प्रकरण म्हणजे मरण समोर दिसत असलेल्या आईचं मुलाला शेवटचं पत्र आहे. ते टाइप करताना मॉस्कोतल्या त्या टायपिस्ट बाईची बोटं कितीदा थांबली असतील, हे माझ्या मनातून जात नाही.

आपली,
एक निवृत्त टायपिस्ट, सातारा